गोल्फ कार्टच्या इंजिनचं बेअरिंग परत परत जातंय? माझं इंजिन तीनदा खोलल्यावर काय कळलं

आधी लक्षणं सांगतो म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल. गाडी जुनी, फोर स्ट्रोक, एक सिलेंडर, पेडल दाबलं की इंजिन चालू आणि सोडलं की बंद, तीच ती पद्धत. पहिल्यांदा क्लचच्या बाजूने ऑइल गळायला लागतं, फरशीवर सकाळी रुपयाएवढा डाग. मग काही दिवसांनी घुंऽऽ असा आवाज येतो जो स्पीडबरोबर चढत जातो. मग सीटखाली थरथर, आणि शेवटी पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखी घरघर. ऑइल सील बदललं की दोन महिने गप्प आणि परत तेच, बेअरिंग बदललं तरी काही महिन्यांनी परत तेच. असं होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी जॉर्जियात पीचट्री सिटीला राहतो. अटलांटाच्या खालच्या अंगाला आहे हे गाव, आणि इथे गोल्फ कार्टसाठी वेगळे रस्ते आहेत, १०० मैलांच्या वर, झाडीतून आणि तळ्याकाठून. लोक दूध आणायला, पोरांना सोडायला, संध्याकाळी जेवायला कार्ट काढतात, गोल्फ खेळणारा त्यात एखादाच. आम्ही पण २०२१ मध्ये एक १९९५ ची जुनी गाडी घेतली. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात हे आईला फोनवर सांगायचं राहिलं, तर तिने पहिला प्रश्न केला की गॅसची गाडी म्हणतोस तर सिलेंडर कुठं ठेवतोस रे, सीटखाली? आणि त्यावर बसता?

गाडी जॉर्जियातल्याच ऑगस्टा शहराकडे बनलेली. ई-झी-गो आणि क्लब कार या गोल्फ कार्ट बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांचे कारखाने ऑगस्टाच्या परिसरात, यामाहाच्या कार्ट तर आमच्या शेजारी न्यूनॅनला बनतात, त्यामुळे या भागात पार्टची ददात नाही. ददात आहे ती जुनं इंजिन धीराने खोलणाऱ्या माणसाची. बहुतेक जण म्हणतात इंजिनच बदला. मीही शेवटी स्वतःच पाना हातात घेतला तो त्यामुळे.

आता बेअरिंग नक्की कुठलं ते. या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या, दोन टोकांना दोन बॉल बेअरिंग आहेत. एका टोकाला फ्लायव्हील आणि त्याचा थंड करायचा पंखा. दुसऱ्या टोकाला ड्राइव्ह क्लच, त्याच्यावरून मागच्या ॲक्सलला जाणारा जाड बेल्ट, आणि त्याच क्लचच्या आतल्या पुलीवरून स्टार्टर जनरेटरचा, म्हणजे इंजिन चालू करणारी आणि बॅटरी चार्ज करणारी जी एकच मोटर असते तिचा, छोटा बेल्ट. म्हणजे दोन्ही बेल्ट क्रँकला एकाच टोकाला ओढतात, बैलजोडीतल्या एकाच बैलाच्या खांद्यावर सगळं जू ठेवल्यासारखं. म्हणून क्लचच्या बाजूचं बेअरिंग आधी जातं. आणि ऑइल सील बसतं बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला. बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट सीलच्या आत डुलायला लागतो, सीलचं रबरी ओठ त्याच्याबरोबर किती धावणार, ते एका बाजूने घासतं आणि गळायला लागतं. आपण बघतो गळती आणि बदलतो सील. माझ्याकडे पहिल्यांदा हेच झालं, गावातल्या एका मेकॅनिकने सील बदलून दिलं, क्रँकचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितला का विचारलं तर म्हणाला या वयाच्या गाडीला एवढं चालायचंच. सात आठ आठवडे चाललं.

पण बेअरिंग म्हणून इंजिन खोलायच्या आधी बाकीचे संशयित बाद करा, नाहीतर दोन शनिवार रविवार वाया जातील. स्टार्टर जनरेटरच्या आतही बेअरिंग असतात आणि ती गेली की आवाज अगदी असाच येतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, छोटा बेल्ट उतरवा आणि जनरेटरची पुली हाताने फिरवा. खरखर लागली तर तुमचं नशीब चांगलं, तो बाहेर काढून बेअरिंग बदलणं तासाभराचं काम आहे. मग सायलेन्सरचे बोल्ट आणि इंजिनचे रबरी माउंट बघा, ते सैल असले की थरथर तशीच लागते. मागच्या ॲक्सलचं बेअरिंग असेल तर आवाज गाडीच्या स्पीडबरोबर बदलतो, आणि उतारावर पेडल सोडून गाडी नुसती घरंगळत असताना, म्हणजे इंजिन बंद असतानाही येतो. ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि ती मी सगळ्यात शेवटी केली.

एक गोष्ट करू नका. आवाज कुठून येतो ते शोधायला मोठा बेल्ट काढून इंजिन चालू करून पेडल दाबू नका. माझ्या गाडीत गव्हर्नर मागच्या ॲक्सलच्या पेटीत आहे, तो चाकाचा स्पीड बघून इंजिनला आवरतो. बेल्टच नाही तर चाक फिरत नाही, गव्हर्नरला वाटतं गाडी उभी आहे, आणि इंजिन बेफाम वर जातं. त्यापेक्षा मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, बेल्ट जागेवर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला हलकं पेडल द्यायला सांगा. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा, धुराचं कौतुक नको. मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला आणि टोक केसिंगला, बेल्टपासून लांब. क्लचच्या बाजूला एकदा, फ्लायव्हीलच्या बाजूला एकदा. चांगलं बेअरिंग सलग वाजतं, गेलेल्यातून खडे भरलेल्या डब्यासारखा आवाज हातातून कानात येतो.

त्यानंतर इंजिन बंद, दोन्ही बेल्ट बाहेर, प्लग बाहेर. क्लच दोन्ही हातांनी धरून वर खाली ढकला. निरोगी बेअरिंगला हाताला काही जाणवतच नाही. थोडंसं टक् झालं तरी बेअरिंग गेलंय असं धरून चाला. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं घड्याळ, असेल तर शाफ्टवर लावून मोजा पण खरं सांगू का, बोटांना कळतंच. आत बाहेरचा थोडा प्ले मात्र असतोच, तो असायलाच पाहिजे, त्याला घाबरू नका, किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

आणि ऑइल काढून पांढऱ्या ताटलीत घ्या, उन्हात धरा. चमचम दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. न चिकटता चमकत राहिलं ते ॲल्युमिनियम, म्हणजे कनेक्टिंग रॉड, पिस्टन किंवा केसिंग. माझ्याकडे दोन्ही होतं. दोन्ही का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

दुसऱ्या वेळी मी स्वतः इंजिन खोललं आणि फक्त क्लचच्या बाजूचं बेअरिंग बदललं, कारण दुसरं फिरवून बरं वाटलं. नवीन बेअरिंग ठोकून बसवलं. हो, ठोकून. लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने, बाहेरच्या रिंगवर मारायचं तर बहुतेक फटके आतल्या रिंगवर पडले. वर क्लच परत शाफ्टवर बसवताना त्यालाही रबरी हातोडीने चार ठोके दिले. गाडी चालू झाली, आवाज गेला, मी घरभर मिरवलो. चार महिन्यांनी परत घुंऽऽ.

तिसऱ्यांदा खोलल्यावर ते चार महिन्यांचं बेअरिंग मी ग्राइंडरने कापलं, डोळ्यांवर चष्मा आणि अंगावर जाड शर्ट घालून, कारण त्या पोलादाचे तुकडे गोळीसारखे उडतात. आतली रिंग धुऊन भिंगाखाली धरली तर बॉल पळतात त्या खोबणीत बारीक बारीक खळगे, एका ओळीत, एकसारख्या अंतरावर, अगदी आप्पेपात्र. दोन खळग्यांमधलं अंतर दोन बॉलमधल्या अंतराएवढं. म्हणजे ते झिजून झालेले नव्हतेच, माझ्या हातोडीने प्रत्येक बॉल खोबणीत रुतवला होता, पहिल्या दिवशीच. मग बॉल त्या खळग्यांवरून टकटक उड्या मारत पळणार, प्रत्येक उडीला खळगा मोठा होणार. बेअरिंगचा नियम एकच, भोकात बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवर, आणि बॉलमधून जोर कधीच जाऊ द्यायचा नाही. मला हा नियम माहीत होता. घाई होती.

इथपर्यंत वाटलं सापडला चोर. पण फ्लायव्हीलच्या बाजूचं बेअरिंग, ज्याला मी हात लावला नव्हता, हातोडी सोडाच, तेही आता खरखरत होतं. खोबणीत खळगे नव्हते पण सगळी खोबण मंद, पांढुरकी, काच पेपर मारल्यासारखी. क्रँकच्या पिनवर बारीक रेघा. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला वेगळं बेअरिंग नसतं, ॲल्युमिनियमचा रॉड सरळ पिनवर फिरतो, मध्ये असतो तो फक्त ऑइलचा पापुद्रा. तो पापुद्रा फाटला की रॉड घासतो. ताटलीतलं न चिकटणारं चमचम हेच होतं.

आमचे अण्णा सांगलीला असतात, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर. त्यांना व्हिडिओवर सगळं दाखवलं, खळगे, रेघा, सगळं, मी बोलत होतो आणि ते ऐकत होते. मग म्हणाले, ऑइल हुंगून बघितलंस का? मी म्हटलं रंग बघितला, चमक बघितली, चुंबक लावलं. ते म्हणाले ते सगळं राहू दे, हुंग की.

ऑइल अजून बादलीतच होतं. नाक नेलं आणि पेट्रोलचा वास भसकन आला. आणि मग आठवलं की गेल्या दोन महिन्यांत डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी फुलच्या खुणेच्या वर गेली होती, आणि मी वेडा म्हणत होतो वा, सील बदलल्यावर गळती एवढी थांबली की ऑइल वाढायला लागलं. ऑइल वाढत नसतं. खाली गळतंय आणि तरी वर चढतंय म्हणजे आत काहीतरी मिसळतंय.

ते पेट्रोल येत होतं इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपातून. या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप नसतो, छोटा डायफ्रामचा, म्हणजे रबरी पडद्याचा, पंप असतो. क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या पेटीत, पिस्टन वर खाली होताना जो हवेचा दाब बदलतो तो एका रबरी पाइपने पंपाच्या एका बाजूला येतो, पडदा फडफडतो, आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला पेट्रोल ओढलं ढकललं जातं. पडद्याच्या एका अंगाला क्रँककेसची हवा, दुसऱ्या अंगाला पेट्रोल, मध्ये फक्त पातळ पडदा. त्याला केसाएवढी चीर पडली की पेट्रोल त्याच पाइपने उलटं क्रँककेसमध्ये जातं. गाडी तरी चालते, कारण कार्बोरेटरला पुरेसं पेट्रोल मिळतच असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ऑइल दर आठवड्याला थोडं थोडं पातळ होत जातं आणि बेअरिंगला नि पिनला पापुद्रा मिळत नाही. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, पाइप कडक होतात, पडदे कुडकुडीत होतात.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. पंपावरचा क्रँककेसकडून येणारा पाइप काढा आणि त्याच्या आत बघा. तो कोरडा किंवा जेमतेम ऑइलकट असायला पाहिजे. तिथून पेट्रोल टपकलं की पंप मेला, दुसरा पुरावा नको. माझ्यातून धारच लागली. पंप चांगला असेल आणि तरी ऑइलला वास येत असेल तर कार्बोरेटरची फ्लोट निडल, म्हणजे पेट्रोल पुरेसं झालं की ते अडवणारी सुई, बघा, ती बसत नसेल तर जास्तीचं पेट्रोल सिलेंडरमधून खाली उतरतं. आणि तिसरा चोर म्हणजे हवा. एअर फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप वाकवून बघा, खालच्या बाजूला चीर असते आणि ती सरळ असताना दिसत नाही. जॉर्जियाची लाल माती म्हणजे पॉलिश पावडर आहे, फिल्टरला वळसा घालून ती आत गेली की ऑइलमध्ये मिसळते आणि सगळंच घासून काढते. माझा पाइप ठीक निघाला पण मी तरी बदलला.

आता बेअरिंग बदलण्याचं काम. यावेळी दोन्ही बदलली, एक बदलायचं आणि एक ठेवायचं हा कंजूषपणा करू नका, इंजिन खोलायची मेहनत तेवढीच असते.

क्लच काढायला त्या मॉडेलचा पुलर बोल्टच, म्हणजे क्लच ओढून काढायचा खास बोल्टच, घ्या. क्लच शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो, मागून पहार घालून उचकटायला गेलात तर क्लच वाकतो, आणि वाकलेला क्लच प्रत्येक फेऱ्याला नवीन बेअरिंगला हिसका देतो. आटे सुलटे आहेत की उलटे हे मॅन्युअलमध्ये बघूनच जोर लावा. इंजिन बाहेर काढायला दोन माणसं लागतात, मी एकट्याने काढलं होतं आणि पाठीने आठवडाभर हिशेब घेतला. काढताना प्रत्येक वायरचा फोटो काढा, मग अजून एक फोटो काढा.

साइड कव्हर उघडल्यावर लगेच काही ओढू नका. आत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा गिअर आहे, थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सरचा गिअर आहे, आणि त्यांच्या दातांवर बारीक टिंब मारलेले असतात. पिस्टन वर आणून ती टिंबं समोरासमोर आणा, फोटो काढा, बायकोच्या नेलपॉलिशने त्यावर ठिपके द्या. परत बांधताना एक दात जरी चुकला तर गाडी एक तर चालू होणार नाही किंवा इतकी थरथरेल की नवीन बेअरिंगची वाट लागेल आणि तुम्ही म्हणाल बेअरिंग नकली होतं.

बेअरिंग घ्यायचं ते जुन्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचून. दुकानदार म्हणेल सगळ्यांना हेच बसतं, ऐकू नका. नंबर वाचायला सोपा आहे, शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं, ०४ पासून पुढे हा हिशेब चालतो. उदाहरणार्थ ६२०६ म्हणजे आत ३० मिमी, बाहेर ६२, जाडी १६. ६३०६ चं आतलं भोक तेच ३०, पण बाहेर ७२ आणि जाडी १९, म्हणजे एका आकड्याने अख्खं बेअरिंग बदललं. त्यापुढे सी-३ असं लिहिलेलं असेल तर तेच घ्या, त्यात बॉलना थोडी जास्त मोकळीक असते, इंजिन तापल्यावर आणि रिंग घट्ट बसल्यावर ती मोकळीक लागते. साधं घातलं तर थंड असताना छान फिरेल, गरम झाल्यावर आवळेल. आणि बाजूला रबरी झाकण असलेलं घेऊ नका, इंजिनच्या आतल्या बेअरिंगला ऑइल पोचायला पाहिजे, ते उघडंच असतं. बनावट माल खूप आहे. बेअरिंग म्हटलं की आपल्याला चिंचवडची एसकेएफ आठवते, पण त्याच नावाचं खोकं छापणारेही कमी नाहीत. फार स्वस्त दिसलं की सोडून द्या, बेअरिंगच्या खऱ्या दुकानातून बिलासकट घ्या.

जुनं बेअरिंग काढल्यावर केसिंगचं भोक नीट बघा. काळपट चकचकीत पट्टा दिसला, किंवा जुनं बेअरिंग हाताने निसटून आलं, तर बाहेरची रिंग भोकात फिरत होती आणि भोक मोठं झालंय. इथे लोक पंचने भोकात टिंब मारून घट्ट करतात. करू नका, ते दोन महिन्यांचं सोंग आहे. थोडंसंच ढिलं असेल तर बेअरिंग चिकटवायचं रिटेनिंग कंपाउंड मिळतं, लॉकटाइटचं ६४१ किंवा ६३८, आट्यांना लावायचं निळं २४३ नव्हे, तो वेगळा प्रकार. ६४१ लावलेलं पुढेमागे काढता येतं, ६३८ जास्त पक्कं. नख अडकेल एवढं ढिलं असेल तर लेथवाल्याकडे जाऊन बुश मारून घ्या किंवा केसिंग बदला. पिन लंबगोल झाली असेल आणि केसिंगही खाल्लेलं असेल तर मात्र भावनेत अडकू नका, चांगलं जुनं इंजिन शोधा, ते स्वस्त पडतं. माझी पिन रेघांवर निभावली, लेथवाल्याने मापून आणि पॉलिश करून दिली, रॉड मी नवीन घातला.

बसवणं. बेअरिंग पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये, आणि केसिंग ओव्हनमध्ये. आधी ते साबणाने गरम पाण्याने स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळवा, पेट्रोलने धुतलेली वस्तू ओव्हनमध्ये गेली तर वास तर सुटेलच पण भडकाही उडू शकतो. सील आणि जुनी पॅकिंग काढून टाका. मी २२५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १०७ सेल्सियसला पाऊण तास ठेवलं. पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडाला पाहिजे. हिशेब असा की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, ६२ मिमीचं भोक ८५ डिग्रीने तापलं की सुमारे ०.१२ मिमी मोठं होतं, आणि तेवढं भरपूर झालं. गॅस वेल्डिंगची किंवा रंग काढायची ज्योत एका जागी धरू नका, केसिंग वाकडं होतं.

जाड हातमोजे, केसिंग लाकडावर सपाट ठेवलं, बेअरिंग फ्रीजरमधून काढून सरळ भोकावर धरलं आणि सोडलं. टप्. एवढाच आवाज. खाली जाऊन बसलं, जसं ताटलीत वाटी. मागच्या वेळी मी घामाघूम होऊन दहा मिनिटं जे ठोकत होतो ते काम एका सेकंदात झालं आणि मी तसाच उभा राहिलो दोन मिनिटं. तिरकं बसलं तर चार पाच सेकंद असतात तुमच्याकडे, तेवढ्यात जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून हलकं दाबा, नाहीतर काढून परत तापवा.

ओव्हन घरचा वापरणार असाल तर घरातलं माणूस बाहेर गेलेलं असताना वापरू नका, वासावरून कळतंच आणि मग जास्त ऐकावं लागतं.

कव्हर परत लावताना ते हाताने, हलक्या थापांनी पूर्ण टेकलं पाहिजे. मध्ये फट राहिली आणि तुम्ही बोल्ट आवळून ती बंद केलीत, तर आत काहीतरी अडकलेलं असतं, बहुधा ऑइल पंपाचा किंवा गव्हर्नर असलाच तर त्याचा दांडा नाहीतर गिअर, आणि ते तुटतं. पॅकिंग जुन्याच जाडीची घ्या कारण त्या जाडीवर क्रँकचा आत बाहेरचा प्ले ठरतो. बोल्ट आवळून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रत्येक टप्प्याला.

सील लावताना शाफ्टवर बोट फिरवा. जुन्या सीलने तिथे चर पाडलेला असेल तर नवीन सीलही गळणार, मग एक तर सील मिलिमीटरभर वर बसवा म्हणजे त्याचं ओठ कोऱ्या जागेवर येईल, किंवा वर चढवायची पातळ पोलादी बाही मिळते ती घाला. ओठाला ऑइल लावा, शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळा नाहीतर खाच सीलला कापते. क्लचचं निमुळतं भोक आणि शाफ्ट दोन्ही पुसून कोरडे करा, ग्रीस नको, आणि टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापाला आवळा. ठोकू नका. परत सांगतो, ठोकू नका.

नवीन पंप, नवीन पेट्रोलचे पाइप, क्रँककेसकडून पंपाला येणारा नवीन पल्स पाइप, नवीन ऑइल, फिल्टर. पहिल्यांदा प्लग काढून त्याची वायर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून, म्हणजे अर्थ करून, पेडल दाबून इंजिन पाच पाच सेकंद फिरवलं, म्हणजे ऑइल सगळीकडे जाईल आणि भार नसेल. मग प्लग लावून चालू केलं. पाचेक तास चालवल्यावर ऑइल परत बदललं, त्यात थोडी चमक येतेच, रॉड नवीन असल्यामुळे. दुसऱ्या वेळी येता कामा नये. जुनं ऑइल डब्यात भरून पार्टच्या दुकानात देऊन आलो, इथे बहुतेक दुकानं ते फुकट घेतात.

आता दीड वर्ष झालं, दर रविवारी डिपस्टिक काढतो, पुसतो, बघतो आणि हुंगतो. मुलगी म्हणते बाबा तू चहा पण एवढ्या प्रेमाने पीत नाहीस. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकीची पेट्रोलची चावी बंद करतो.

गाडी जोडून झाल्यावर अण्णांना परत व्हिडिओ लावला, फोन इंजिनजवळ धरला आणि मुलीला पेडल दाबायला सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले, पाच सात सेकंद असतील. मग म्हणाले बेअरिंग झकास, पण छोटा पट्टा फार ताणलायस, सैल कर. मी म्हटलं अण्णा फोनवरून पट्ट्याचा ताण कसा कळेल. इंजिन बंद करून अंगठ्याने दाबून बघितला तर खरंच, ढिम्म हलत नव्हता. जनरेटरचा बोल्ट सैल केला, पट्टा थोडा सोडला, परत आवळला आणि परत चालू केलं.